काठावरचे सर

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. आमच्या गल्लीत निवृत्तांचा एक कट्टा आहे, तिथं आम्ही संध्याकाळी बसून एकमेकांच्या पोटाच्या तक्रारींपासून सुनांपर्यंत सगळं बोलतो — तिथंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर 'सर' म्हणून ओळखत असाल, आणि मग हे वाचून तुमची थोडी पंचाईत होईल. होऊ द्या. माझी तर कितीतरी वर्षं होतेच आहे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराची गोष्ट. शहरातल्या एका सार्वजनिक जलतरण तलावावर मी नोकरीला लागलो. तलाव कोणता ते सांगत नाही, आता तिथं दुसरंच काही उभं आहे. हुद्दा लांबलचक होता — जलतरण शिक्षक तथा जीवरक्षक. म्हणजे पोरांना पोहायला शिकवायचं आणि कुणी बुडायला लागलं तर बाहेर काढायचं. हे काम मी निवृत्तीपर्यंत केलं. माझ्या तलावावर एकही लेकरू दगावलं नाही. निरोप समारंभात जो उठला तो हेच बोलला. एकानं तर मला पाण्यातला मासा म्हटलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता सांगून टाकतो — मला पोहता येत नाही.

हसलात ना? हसा, हसा. तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. पाणी छातीच्या वर आलं की मला आई आठवते. पण थांबा, ही काही कबुली नव्हे. ही नुसती लाज आहे, आणि लाजेची माणसाला सवय होते. कबुली पुढं आहे. तिच्यापर्यंत जायला मला जरा आडवळण घ्यावं लागतंय, एवढं सांभाळून घ्या.

तर पोहता का येत नाही? मी कंधारकडचा. आमच्या भागात पोहायला कुणी शिकवत नाही. थोरला भाऊ नाहीतर चुलता पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतो आणि त्याला विहिरीत ढकलून देतो. पोर ओरडतं, पाणी पितं, ढकलणाऱ्याला शिव्या देतं, आणि आठवड्याभरात पोहायला लागतं. माझाही भोपळा आमच्या आजोबांनी आढ्याला टांगून वाळवून ठेवला होता. आणि नेमका माझा नंबर यायला आणि बाहत्तरचा दुष्काळ पडायला एकच गाठ पडली. विहिरीत पाणी कुठं? तळाला चिखल, चिखलात बेडूक. मला ढकललं असतं तर मी बुडालो नसतो, मोडलो असतो. विहिरी पुन्हा नीट भरेपर्यंत माझं मिसरूड फुटायला आलं होतं. मिसरूड फुटलेल्या पोरानं पाठीला भोपळा बांधून घेतला तर गाव हसतं. मग मी म्हशी राखायचं कारण सांगून विहिरीकडं जाणंच बंद केलं.

नोकरीचं असं झालं. लातुरात माझे दाजी होते. त्यांचा निरोप आला — "नवा जिल्हा झालाय, रोज एक कचेरी उघडून राहिली. ये, आन् दिसंल त्या जागंला अर्ज टाक." मी टाकत गेलो. शिपाई, कारकून, वाहनचालक — गाडीही मला येत नव्हती. त्या गठ्ठ्यात हा तलावाचा अर्जही गेला. शाळेत मी खो-खो चांगला खेळायचो, त्याची प्रमाणपत्रं जोडली होती. मुलाखतीचं बोलावणं आलं. जाऊन बघतो तर तलाव नवा कोरा, आणि कोरडा ठाक! पाऊस त्या साली पुन्हा रुसलेला. फरशी चकचकीत, दिवे लागलेले, आत एक थेंब नाही. पण जागा मंजूर झाली होती, आणि मंजूर जागा भरली नाही तर परत जाते म्हणे.

मुख्य साहेबांनी गाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे खेड्यातलेच. मग पोहता येतं का हे काय विचारायचं!" असं तेच म्हणाले आणि शेजारचे दोघं हसले. शहरातल्या माणसांना असंच वाटतं — खेड्यातला म्हणजे पोहणारा, झाडावर चढणारा, सापाला न भिणारा. मला सापाचीही भीती वाटते. मी खोटं बोललो का? नाही. मी फक्त त्यांच्याबरोबर हसलो. 'मला तर कुणी विचारलंच नव्हतं' — हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! पण त्या वेळी मी कशासाठी हसलो, ते मला पक्कं ठाऊक होतं.

तरी प्रात्यक्षिक घ्यायचंच होतं, कारण तसा नियम होता. आम्ही दोघंच उमेदवार. दुसरा नांदेडचा, गोदावरीत वाढलेला, दाराएवढ्या खांद्यांचा. त्याला तलावात उतरून पोहून दाखवायला सांगितलं. तो त्या कोरड्या खड्ड्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "पाण्याबिगर कसं पवावं, साहेब?" प्रश्न रास्त होता, पण साहेबांना तो उर्मटपणा वाटला. मग माझा नंबर. गवंड्यांनी मागं ठेवलेलं एक बाकडं होतं, त्यावर मी पालथा पडलो आणि सुरू केलं. हात असे, पाय असे, तोंड एकदा इकडं वळवून श्वास, एकदा तिकडं. वाचनालयातल्या पुस्तकात चित्रं पाहून आलो होतो. एक कारकून चक्क 'वा' म्हणाला. त्या बाकड्यावर मी जितका सुंदर पोहलो, तितकं त्या साली लातूर जिल्ह्यात कुणीच पोहलं नसेल, कारण पाणीच नव्हतं.

नोकरी लागली, आणि काही महिन्यांनी आवारातल्या बोअरला पाणी लागलं. मचूळ, पिण्याच्या कामाचं नाही, म्हणून कुणाची हरकत आली नाही. तलाव भरायला लागला. माझी पाचावर धारण बसली. राजीनामा द्यायचा? पण घरी आई सगळ्या गावाला सांगून मोकळी झालेली — पोरगा सरकारात लागला. मग मी काय केलं? उथळ बाजूनं आत उतरलो, चालत गेलो, आणि पाणी जिथं माझ्या छातीला लागलं तिथं आडवी दोरी बांधून घेतली. लोकांना वाटलं, यामागं काही शास्त्र असेल. शास्त्र कसलं? माझी उंची.

दोरीपलीकडं जायचं तर ज्याला पक्कं पोहता येतं त्यानंच, तेही दोघादोघांनी. काठावर पळायचं नाही. अंगाची घडी करून मुटका मारायचा नाही. जेवून आलेला दिसला तर परत. आणि सगळ्यांत मोठा नियम — लहान मुलाबरोबर घरचं मोठं माणूस पाहिजेच, आणि त्यानं काठावर पाण्याकडं तोंड करून बसायचं. गप्पा नाहीत, स्वेटर विणायचा नाही, पेपर वाचायचा नाही. नजर हलली की माझी शिट्टी. एकदा एका आजोबांना डुलकी लागली होती, तर मी त्यांच्या कानाशी जाऊन शिट्टी फुंकली. ते पाण्यात पडता पडता वाचले. त्यांना काढायला पुन्हा मीच होतो, म्हणजे कुणीच नव्हतं.

मला एकच विचार असायचा : मी कुणाला काढू शकत नाही, तर मग प्रत्येक लेकरामागं एक उडी मारणारा माणूस हवा. आता वाटतं, नियम चांगलेच होते की! भित्र्या माणसानं केले होते, म्हणून चांगले होते. गावभर बोलबाला झाला — सर लई कडक. मुख्याध्यापक पोरांना शिस्त दाखवायला घेऊन यायचे.

आणि शिकवायचो कसा? काठावरून! पोरांना बाकड्यावर पालथं पाडायचो, हातपाय मारायला लावायचो, मग दोरीच्या अलीकडं पाण्यात सोडायचो. पुढचं सगळं पोरं एकमेकांचं बघून शिकायची. कुणी म्हणालंच, "सर, तुम्ही करून दाखवा ना," तर माझा कान दुखायचा. कानाच्या पडद्याला भोक आहे, डॉक्टरांनी पाणी वर्ज्य सांगितलंय, अशी मी आवई उठवली होती. त्या कानानं मला जन्मभर साथ दिली. माझी बायको आजही हिवाळ्यात त्यात कोमट तेल घालते, आणि मी आडवा होऊन घालून घेतो.

शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. देगलूरजवळ माझी सासुरवाडी. एकदा तिथं मेव्हण्याला हळूच म्हणालो, जरा विहिरीवर जाऊ. मनात होतं, कोपऱ्यात धरून धरून हातपाय मारावेत. त्या शहाण्यानं गावभर सांगितलं की लातूरचे पोहण्याचे सर विहिरीत सूर मारणार आहेत. जाऊन बघतो तर विहिरीभोवती निम्मं गाव, बायका डोक्यावर घागरी घेऊन थांबलेल्या, झाडावर पोरं. मी कानावर हात ठेवला आणि मागं फिरलो. पुढं सासऱ्यांनी कानासाठी कसलीशी मुळी उगाळून दिली, तीही घातली.

इथवर गंमत होती. इथंच थांबावं असं वाटतंय, खरं सांगतो. पण मग मी हे लिहायला बसलोच कशाला?

तलावावर उमा नावाची एक मुलगी यायची. दहा-अकराची असेल. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं किराणा दुकान, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. उमाबरोबर तिची आई यायची — शिवकांताअक्का. निलंग्याच्या बाजूचं माहेर, मांजरा नदीच्या काठचं. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर इरकली लुगडं, बोलताना मधेच कानडी. उमा तिला अव्वा म्हणायची. माझा नियम त्या बाईनं जितका पाळला तितका कुणी पाळला नाही. भर उन्हाळ्यात पदर डोक्यावर ओढून ती काठावर बसायची, पाण्यावरची नजर हलवायची नाही. आणि उमा — काय पोहायची ती मुलगी! आमच्या तलावावर तिच्या जवळपास जाणारं कुणी नव्हतं. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ विभागीय स्पर्धेला जायचा होता, त्यात मी तिचं नाव सगळ्यांत वर दिलं होतं. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. तरी लोक माझं अभिनंदन करायचे आणि मी ते घ्यायचो.

त्याच दिवसांत एक मोठे साहेब बदलून आले. खातं सांगत नाही. त्यांचा धाकटा मुलगा तलावावर यायला लागला, आणि त्याच्याबरोबर घरचं माणूस नसायचं. एक शिपाई त्याला सोडायचा आणि समोरच्या हॉटेलात चहाला जाऊन बसायचा. सगळ्या गावाला शिट्टी मारणारा मी — इथं गप्प. साहेबांच्या मुलासाठी शिपाई म्हणजेच घरचं माणूस आणि हॉटेल म्हणजेच काठ, असं मी ठरवून टाकलं. नियम सगळ्यांना सारखे असतात, हे वाक्य मी त्या काळात दिवसातून दहादा बोलायचो.

एके दिवशी दुपारी मुलांची वेळ संपली होती. पोरं गेली होती. उमा भिंतीपलीकडं बादलीनं अंग धूत होती, कारण निघताना अंग धुतलंच पाहिजे, हाही माझाच नियम. अक्का काठावर तिची वाट बघत होती. पाण्यात साहेबांचं पोरगं एकटंच. बाहेर ये म्हणून मी दोनदा सांगितलं, पण दटावून नाही, लाडानं. ते दोरीखालून पलीकडं गेलं. एकदा वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

मी काय केलं? मी शिट्टी वाजवली.

पुन्हा वाजवली. आयुष्यात तितक्या जोरानं कधी वाजवली नाही. बुडणारं पोर शिट्टीला भिऊन वर येईल असं मला वाटलं होतं का? काठाच्या फरशीवर माझ्या पायांची बोटं घट्ट रोवलेली, आणि मी वाजवतोय. बुडणाऱ्याला फेकायला टायरची ट्यूब होती. पोरं पळवतात म्हणून मीच ती खोलीत कुलूप लावून ठेवली होती. ती आठवलीसुद्धा नाही.

माझ्या शेजारून काहीतरी लाल गेलं. अक्कानं पदर खोचून पाण्यात मुटका मारला होता — मी बंदी घातलेला, नदीतल्या पोरांचा असतो तसला मुटका. बुडाली, दिसेना, आणि मग पोराच्या केसाला धरून वर आली. एका हातानं पाणी तोडत काठाला लागली. पोराला मी वर ओढलं. पालथं घालणं, पाठ दाबणं, हे सगळं मला पुस्तकातलं येत होतं आणि मी ते बरोबर केलं, एवढं म्हणू द्या. त्यानं भडाभडा पाणी ओकलं आणि गळा काढला. डोळे उघडल्यावर त्याला पहिलं तोंड दिसलं ते माझं.

त्याला टॉवेलात गुंडाळून बाकड्यावर बसवलं. ते टॉवेलात तोंड खुपसून रडत होतं. अक्का पदर पिळत होती. तिनं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी ठणठणीत कोरडा.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला पवाया येत न्हाई. हाय का न्हाई?"

मी हात जोडले. नोकरी जाईल अक्का, म्हणालो. गावाकडं आई आहे, घरी लहान लेकरू आहे, कुणाला सांगू नका. तिनं गळ्यातली डबी मुठीत धरली आणि म्हणाली, "लिंगाची आण, न्हाई सांगत कुणाला. उमालाबी न्हाई. पण सकाळच्याला लवकर येत जावा. मी शिकवते तुम्हाला. लाजायचं काय हाय त्यात?" आणि मग तिला काहीतरी सुचलं. "आवो, पर तुम्ही तर कोरडे! लोक काय म्हणतील?" असं म्हणून तिनं भिंतीशी भरून ठेवलेली बादली उचलली आणि माझ्या डोक्यावर ओतली. आम्ही दोघंही हसलो. त्या क्षणी मला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शिपाई धावत आला. मी म्हणालो, "बुडत होता. मी काढला." अक्का तोवर उमाला हाताला धरून फाटकाबाहेर पडली होती.

दुसऱ्याच दिवशी साहेब स्वतः शाल आणि नारळ घेऊन आले. तलावावर माणसं जमली, फोटो निघाला. तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. मागच्या रांगेत अक्का उमाला घेऊन उभी होती आणि मनापासून टाळ्या वाजवत होती. तिच्या टाळ्या मला सोसेनात. सगळ्या लोकांत तिला एकटीला खरं माहीत, आणि तीच वाजवून राहिली! मला वाटायला लागलं, ही मला चिडवते आहे. नव्हती चिडवत. तेव्हाही मला ते आतून कळत होतं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तलाव उघडायच्या आधी, ती फाटकाशी हजर. एकटीच. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावतोय एक वाळका भोपळा. माहेराहून मागवून घेतला होता — माझ्या पाठीला बांधायला! पहारेकऱ्यानं विचारलं, हे काय आणलं? ती म्हणाली, भाच्यासाठी हाय. माझ्याकडं बघून तिनं डोळ्यांनी खुणावलं, चला. मी ताप आला आहे म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा तो भोपळा. पहारेकरी हसून म्हणाला, "सर, तुमच्यासाठीच आणला की काय!" त्याची ती नुसती चेष्टा होती. पण मला ती चेष्टा वाटली नाही.

आता सांगतो. फिरून फिरून इथंच यायचं होतं.

त्या दिवशी मी कार्यालयात जाऊन अक्काची तक्रार केली. एक बाई मुलांच्या वेळेत लुगड्यानिशी तलावात उतरली, म्हणालो. लुगड्याचा रंग उतरलाच होता, पाण्याला गुलाबी झाक आली होती. ती मी अधिकाऱ्यांना काठावर नेऊन दाखवली. दुष्काळाचे दिवस, पाणी बदलणार कुठून? तलाव दोन दिवस बंद ठेवावा लागला, लोक चिडले. मी नवा नियम सुचवला — साडी किंवा लुगडं नेसून पाण्यात उतरल्यास त्या बाईला आणि तिच्या मुलांना प्रवेश कायमचा बंद. साहेबांच्या मुलाला वाचवणाऱ्या माणसाचा शब्द कोण मोडणार? पेंटरकडून फलकावर लिहून घेतला. लाल रंगात.

अक्कानं एका अक्षरानं तोंड उघडलं नाही. उलट अप्पाच आले, टोपी काढून. "बाईमाणूस हाय सर, नासमज. तिची चूक झाली. माफी करा, पर पोरीला येऊ द्या." मी त्यांना चहा पाजला. म्हणालो, "माझ्या मनात काही नाही अप्पा, पण नियम म्हणजे नियम." काय शांतपणे म्हणालो मी! अप्पा चहा पिऊन, नमस्कार करून गेले. संघातून उमाचं नाव मीच काढलं. पुढं काही दिवस ती संध्याकाळी फाटकाबाहेर उभी असायची. मी पाठ करून बसायचो. मग ती यायची बंद झाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. मी कधी अप्पांच्या दुकानावरून गेलो नाही, मीठसुद्धा दुसरीकडून आणलं.

मागच्या उन्हाळ्यात औशाच्या बसस्टँडवर एक बाई समोर आली आणि वाकून माझ्या पाया पडली. केस पांढरे व्हायला लागलेले. "वळखलं का सर? मी उमा." मी आधी दचकलो, मग जाम खूष झाल्याचं सोंग केलं. तिनं मला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली. तिनं सांगितलं, अप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अव्वा वर्षापूर्वी गेली.

मी म्हणालो, अरेरे.

मग तिनंच विषय काढला. म्हणाली, "सर, अव्वानं माझं लई नुकसान केलं बघा. तुम्ही तिकडं त्या लेकराला जीवावर उदार होऊन काढून राहिले, आन् ही बाई पाण्यात उतरून बसली. का उतरलीस म्हणून किती येळा विचारलं मी. 'उकडत होतं गं, म्हणून उतरले' — एवढंच म्हणायची. उकडत होतं म्हणून! मी तिच्याशी वर्ष-वर्ष धड बोलले न्हाई. लग्न करून गेले तरी मनात आढी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. शेवटाला दवाखान्यातबी मी पुन्हा विचारलं. तर नुसती हसली."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी बस फलाटाला लागली होती, पण सुटायला वेळ होता. एक वाक्य बोलायला पुरेसा वेळ होता. ते बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? नोकरी संपली, आई गेली, साहेब कुठल्या कुठं. शपथ अक्कानं घेतली होती, मी नव्हती घेतली.

मी उमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बाळ, आईच होती ती. माफ करून टाक तिला."

उमा म्हणाली, "तुमचं मन मोठं हाय सर." मी मान हलवली आणि बसमध्ये जाऊन खिडकीशी बसलो.